सांगा, कोण चुकतंय?

बडोद्यात आमच्या दांडिया बाजारातल्या घरी एखाद्या नवरा-बायकोचं भांडण हाताबाहेर गेलं की थोरल्या मामांना बोलावणं जायचं. मामा संध्याकाळी यायचे. आधी चहा, मग चिवडा, मग पावसापाण्याच्या गप्पा, आणि पोरांना गच्चीवर पिटाळलं की बैठक सुरू. गच्चीच्या जिन्यात बसलं की सगळं ऐकू यायचं, त्यामुळे त्या पिटाळण्याला फारसा अर्थ नव्हता. मामा दोन्ही बाजू ऐकून घ्यायचे आणि निकाल द्यायचे. नवऱ्याला, "जरा जिभेला आवर घाल रे." बायकोला, "तू सांभाळून घे, संसार आहे." पहिलं वाक्य विनंतीच्या सुरात असायचं, दुसरं हुकमाच्या. एवढं आम्हा पोरांनाही कळायचं.

मामांना नावं ठेवायला हे लिहीत नाहीये. त्यांच्या शब्दाखातर एक-दोन घरं मोडता मोडता राहिली. एक मोडायला हवं होतं, तेही राहिलं. त्या काळी प्रत्येक घराण्यात असा एखादा मामा, काका किंवा करारी आत्या असायचीच, आणि जोडप्यांसाठी जी काही सोय होती ती तेवढीच.

आता पन्नाशी ओलांडल्यावर मी गोत्री रस्त्याला एका डेंटिस्टच्या वरच्या मजल्यावर खोली घेऊन समुपदेशक म्हणून जोडप्यांच्या भांडणात बसते, आणि त्याची फी घेते. नातेवाइकांच्या मते मी मामांचीच गादी चालवते आहे. बाहेरून दिसतंही तसंच. आत येऊन बसल्यावर फरक कळतो, आणि पहिल्या भेटीत तो बहुतेकांना आवडत नाही. इथे निकाल मिळत नाही.

त्याआधी मी बँकेत होते. क्लार्क म्हणून लागले, ऑफिसर झाले, शेवटची बरीच वर्षं कर्ज विभागात गेली. कर्ज विभागातल्या माणसाला जितके संसार दिसतात तितके लग्न लावणाऱ्या भटजींनाही दिसत नसतील. गृहकर्जाच्या कागदांवर सह्या करायला जोडपी यायची. नवरा टेबलाशी, बायकोची खुर्ची जरा मागे, पर्स मांडीवर. मी कागद फिरवून तिच्यापुढे सरकवायचे आणि ती पेन हातात घेऊन त्याच्याकडे बघायची. तो बोट ठेवत जायचा. "इथे. आता इथे. इथे पूर्ण नाव." वीस वर्षं फेडायच्या कर्जाची ती सहकर्जदार असायची, आणि हप्ता किती हे विचारलं तर पुन्हा त्याच्याकडे बघायची. उलटंही पाहिलंय. एक शिक्षिका होत्या, त्या प्रत्येक पान वाचायच्या, अगदी छापील अटींसकट. त्यांचे यजमान घड्याळाकडे बघत ओशाळं हसायचे. "वाचू द्या हो मॅडम, तिला सगळ्यात चुका काढायची सवय आहे."

गुजरातेत आणखी एक गंमत आहे. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का नोंदणी फी माफ होते. चाळीस लाखांच्या फ्लॅटमागे चाळीस हजार वाचतात, म्हणून कित्येक घरं बायकांच्या नावावर चढतात. घेताना तो निव्वळ हिशेब असतो, त्यात प्रेम नसतं की समता नसते. पुढे कधीतरी रात्री अकरा वाजता वाक्य येतं, "विसरू नकोस, घर माझ्या नावावर आहे." त्याला उत्तर येतं, "आणि हप्ते कोण भरतंय?" ही दोन वाक्यं मी बँकेतही ऐकली आणि आताही ऐकते. बँकेत ती कानावर आली की मी फाईल मिटून चहा मागवायचे. तो माझा विषय नव्हता.

विषय होऊ लागला तो वसुलीमुळे. थकलेल्या खात्यांसाठी आम्हाला घरी जावं लागायचं. धंदा बुडाला म्हणून कर्ज थकतं हे खरं, पण दारात उभं राहिल्यावर दुसरंच काही दिसायचं. दुकानावर कर्ज आहे हे बायकोला आमच्याच तोंडून कळायचं. नोटीस हातात घेऊन ती उभी राहायची, आमच्याकडे बघायचीही नाही. नवऱ्याला म्हणायची, "मला सांगितलं असतंस तर?" रक्कम किती, व्याज किती, दागिने जाणार का, यातलं काही नाही. आधी तेवढंच. आमच्या भेटीच्या अहवालात 'कर्जदाराची सांपत्तिक स्थिती' असा रकाना होता, 'फेडीची इच्छा' असाही होता. या प्रश्नाला रकाना नव्हता, आणि घरी येऊन जेवताना माझ्या डोक्यात तोच राहायचा.

बँकेच्या १९९५ सालच्या पेन्शन नियमांत वीस वर्षांची सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. नियम मला तोंडपाठ, कारण इतरांचे अर्ज मीच पुढे पाठवायचे. माझा अर्ज गेला तेव्हा मुलगी इंजिनिअरिंगला, सासूबाई घरात, नवरा खत कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला. सहकाऱ्यांना वाटलं घरी काहीतरी आजारपण असणार. प्रमोशन तोंडाशी आलेलं असताना बाई नोकरी सोडते ती दुसऱ्या कशासाठी? नवऱ्याने एकच विचारलं, "पेन्शन किती बसतं?" मी आकडा सांगितला. तो म्हणाला, "मग कर." आमच्या घरात हे बऱ्यापैकी हळुवार संभाषण समजलं जातं.

इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा समुपदेशन आणि कुटुंबोपचार या विषयातला एमएस्सीचा अभ्यासक्रम आहे, तो मी घेतला. बरोबरच्या मुली माझ्या लेकीच्या वयाच्या. प्रात्यक्षिकात एकीने बायको व्हायचं, एकीने नवरा, एकीने समुपदेशक. मला न विचारता सासू करायचे. पुस्तकी भाग जड गेला नाही, बँकेच्या परीक्षा दिलेल्या माणसाला पाठांतराचं भय नसतं. जड गेलं ते गप्प बसणं. पुढे बंगळुरूच्या एका ज्येष्ठ बाईंकडे व्हिडिओवर देखरेखीखाली काम सुरू केलं. जोडप्याची परवानगी घेऊन बैठक रेकॉर्ड करायची, मग ती ऐकत ओळन् ओळ लिहून काढायची, आणि त्या बाई समासात विचारायच्या, "इथे तुम्ही का बोललात? ती अजून बोलत होती." हे करताना लक्षात येतं की घरातली आणि ऑफिसातली निम्मी बोलणी आपण दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आत उरकत असतो.

जाता जाता एक सांगायला हवं, कारण लोक विचारतात. आपल्याकडे चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. नुसत्या समुपदेशकाला बरीच वर्षं तशी काही चौकट नव्हती. २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा झाला, त्यात या क्षेत्राचाही समावेश आहे, पण आजही आठवडाभराचं प्रमाणपत्र घेऊन पाटी लावणारे भेटतात. तेव्हा समोरच्या माणसाने काय शिकलंय, कुणाच्या देखरेखीखाली काम केलंय, हे बेलाशक विचारावं. मला कुणी विचारलं तर मला राग येत नाही, उलट बरं वाटतं.

आता मूळ मुद्द्याकडे येते. जोडपं खोलीत येतं ते फिर्याद घेऊन येतं. दोघांच्याही मोबाइलमध्ये पुरावे असतात, स्क्रीनशॉट असतात, तारखा असतात. एकजण बोलतो, दुसरा मान हलवत हसतो, आणि दहाव्या मिनिटाला कुणीतरी माझ्याकडे वळतं. मराठी असतील तर "काकू, तुम्हीच सांगा, कोण चुकतंय?" गुजराती असतील तर "तमे ज कहो ने, बेन." माझ्या पांढऱ्या केसांचा हा परिणाम. शेजारच्या इमारतीत एक तरुण समुपदेशक बसते, तिला सगळे आधी विचारतात, तुमचं लग्न झालंय का? मला कुणी विचारत नाही. या बाईने सगळं पाहिलेलं असणार, हे ते गृहीत धरतात. उशिरा या कामात येण्याचा तो फायदाच आहे. पण त्याच केसांमुळे ते मला मामांच्या जागी बसवतात, आणि त्या खुर्चीवरून उठून बसण्यात माझी पहिली एक-दोन सत्रं जातात.

निकाल का द्यायचा नाही, हे एका घराची गोष्ट सांगून जास्त नीट कळेल. घर एक नाही, दोन-तीन घरांचं मिळून केलेलं आहे, आणि ओळखू येईल असं सगळं बदललेलं आहे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला. बडोदेकरांना वेगळं सांगायला नको. पाणी सोसायट्यांच्या तळघरांत शिरलं, नदीतल्या मगरी रस्त्यांवर आल्या, आणि त्यांचे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होते. समा भागातलं हे जोडपं पुरानंतर कित्येक महिन्यांनी माझ्याकडे आलं. भांडण गाडीवरून.

"दोनदा सांगितलं होतं," ती म्हणाली. "गाडी वर काढ, फ्लायओव्हरवर लावून ये. सगळी सोसायटी लावत होती."

तो गप्प. अंगठ्याने मोबाइलच्या कव्हरची कड उचलायचा, सोडायचा, उचलायचा.

"बघा. हे असं. मी बोलते आणि हा असा बसतो."

"इन्शुरन्स मिळाला ना?" तो कव्हराकडे बघत म्हणाला.

"इन्शुरन्सचा प्रश्न आहे का?"

"मग कशाचा आहे? गाडी गेली, गाडी आली."

तिचा आवाज एक पट्टी चढला. तो खुर्चीत आणखी मागे गेला. मी म्हटलं, जरा इथेच थांबू. त्याला विचारलं, "त्या 'दोनदा सांगितलं' म्हणाल्या, तेव्हा तुमच्या आत काय झालं?"

"काही नाही."

हे उत्तर मला रोज मिळतं. मी वाट बघते. मग म्हटलं, "तेव्हा बोटं कव्हरशी काहीतरी करायला लागली." त्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. खाली डेंटिस्टचं मशीन सुरू झालं, बंद झालं.

"आता मी काहीही बोललो तरी कमीच पडणार, असं होतं," तो म्हणाला. "मग न बोललेलं बरं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "मला वाटायचं याला काही फिकीरच नाही."

पुढच्या अर्ध्या तासात त्या रात्रीची गोष्ट निघाली. लाइट गेलेली, पाणी जिन्याच्या पायऱ्या चढत होतं, आणि तो कुणालाही न सांगता गाडी बघायला खाली गेला. ती वर जिन्यात टॉर्च घेऊन उभी. आत मूल रडतंय, सासूबाई स्तोत्र म्हणतायत, आणि हिच्या डोळ्यांपुढे दुपारी पाहिलेला मगरीचा व्हिडिओ. तो कधी वर आला ते तिला आठवत नव्हतं, आल्यावर ती काय म्हणाली ते मात्र दोघांना आठवत होतं. ती म्हणाली होती, "गेली ना गाडी?"

दोघांनी इतके महिने त्या वाक्यावरच भांडण चालवलं होतं. जिन्यातली भीती तिने एकदाही उच्चारली नव्हती. सोसायटीतल्या सगळ्यांनी गाड्या वेळेत काढल्या आणि आपण काढली नाही, याची लाज वाटून तो एकटाच अंधारात उतरला होता, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःच्या आईलाही नाही.

हे झाल्यावर कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. उठताना तिने मला विचारलंच, "पण मॅडम, गाडी काढायला हवी होती की नाही?" (हवी होती, अर्थातच. ते सांगायला माझी गरज नव्हती.) पुढच्या आठवड्यात दोघं पुन्हा भांडूनच आले, या खेपेला एसी किती अंशांवर ठेवायचा यावरून. चाल मात्र तीच होती. ती मागे लागते, कारण तो दूर जातोय असं तिला वाटतं. ती मागे लागली की तो आणखी दूर जातो. तो दूर गेला की ती आवाज चढवते. एकदा ही चाल दोघांना दिसायला लागली की गाडी असो, एसी असो, दोघांपैकी कुणीतरी मध्येच म्हणतं, आलो आपण पुन्हा तिथेच. त्यांच्या घरी हे पहिल्यांदा तो म्हणाला. ती मला फोन करून सांगत होती, तेही जरा तक्रारीच्याच सुरात, कारण तिच्या मते ते वाक्य तिचं होतं.

ही चाल मी शोधून काढलेली नाही. १९८० च्या दशकात कॅनडातल्या व्हँकुव्हरला सू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी जोडप्यांच्या बैठकांच्या टेप पुन्हा पुन्हा पाहिल्या, आणि त्यातून भावनांवर केंद्रित अशी एक उपचारपद्धती उभी केली. लहान मूल आणि आई यांच्या ओढीबद्दल ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जे मांडलं होतं, ते जॉन्सनबाईंनी मोठ्या माणसांच्या नात्याला लावलं. आपला माणूस हाकेला ओ देईल की नाही, या एका भीतीपोटी शहाणीसुरती माणसं एसीवरून भांडतात.

तिकडे अमेरिकेत जॉन गॉटमन यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात जोडप्यांना यंत्रं लावून भांडायला बसवलं. नाडी शंभराच्या वर गेली की माणसाला समोरच्याचं ऐकूच येत नाही, असं त्यांना दिसलं. एकदा त्यांनी भांडण मध्येच थांबवून, यंत्र दुरुस्त करायचंय असं सांगून दोघांना अर्धा तास मासिकं वाचायला दिली. नंतर तीच माणसं तोच विषय बऱ्या सुरात बोलू लागली. माझ्या खोलीबाहेर जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा आहे तो त्यासाठीच. आवाज फार चढला की मी एकाला बाहेर अंक वाचायला पाठवते. गॉटमन यांचं आणखी एक निरीक्षण असं, की जोडप्यांची सुमारे ६९ टक्के भांडणं कधीच मिटत नाहीत, वर्षानुवर्षं तीच चालू राहतात. हा आकडा ऐकून लोक निराश होतील असं मला वाटायचं. होत नाहीत, त्यांना हायसं वाटतं. आमच्या मामांना मात्र हे मुळीच पटलं नसतं, कारण त्यांची प्रत्येक बैठक भांडण कायमचं मिटवण्यासाठीच असायची.

या परदेशी पुस्तकांशी माझं एक भांडण आहे, त्या ६९ टक्क्यांतलं. त्यांच्या चित्रात दोन खुर्च्या असतात. आमच्याकडे येणाऱ्या जोडप्याबरोबर अदृश्यपणे निदान चार माणसं येतात, आणि कधीकधी दृश्यही. एकदा एका मुलाची आई खालच्या रिक्षात बसून राहिली होती, दर पंधरा मिनिटांनी त्याला मिस्ड कॉल देत. मराठी मुलगी, गुजराती सासर, हे तर बडोद्यात घरोघरी आहे. तिथे भांडण वरणात गूळ किती यावरून सुरू होतं आणि माहेरी गणपतीला किती दिवस जायचं इथे पोचतं. ही सगळी माणसं खोलीबाहेर ठेवून काम होत नाही. आपल्याकडे हे फार आधी एकाला उमगलं होतं. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला लावलं, आणि उपचारात त्यांना सामील करून घेतलं. खाटा कमी होत्या, हे एक कारण असेलही. पण घरची माणसं जवळ राहिली की रुग्ण लवकर घरी जातात, असं दिसून आलं. तंबूची ती गोष्ट मला अभ्यासक्रमाच्या पुस्तकात सापडली, आणि तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे शास्त्र आपल्याही ओसरीवर बसू शकतं.

एका बाबतीत मात्र मी दोन बाजू ऐकत बसत नाही. पहिल्या एकत्र भेटीनंतर मी दोघांना एकेकटं भेटते, आणि तेव्हा घरात भीती आहे का हे सरळ विचारते. मारहाण असेल, धमक्या असतील, तर जोडप्याचं काम मी करत नाही. एकत्र बसवून बोलतं केलं तर इथे बोलल्याची शिक्षा तिला घरी गेल्यावर मिळते. अशा वेळी १८१ हा गुजरातेतल्या महिलांसाठीच्या अभयम् हेल्पलाइनचा नंबर, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, माहेरी कोण आहे, कागदपत्रं कुठे आहेत, हे बोलणं होतं. मामांच्या बैठकीत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. विचारला असता, तर जे घर मोडायला हवं होतं ते मोडलं असतं.

आणि मोडायला बडोद्यात कायद्याची आडकाठी नव्हती. सयाजीरावांनी १९३१ साली संस्थानात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. देशभरच्या हिंदूंना तो हक्क १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने मिळाला. परस्परसंमतीचं कलम तर १९७६ साली आलं, आणि त्यातली सहा महिने थांबायची अट योग्य प्रकरणात शिथिल करता येते हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. दांडिया बाजारातून सूरसागर तलावाच्या कडेने चालत निघालं की थोड्या वेळात न्यायमंदिर येतं. १८९६ सालची ती देखणी इमारत, चिमणाबाई महाराणींच्या नावाची, जिथे २०१८ पर्यंत कोर्ट भरत होतं. कायदा होता, कोर्ट पायी जाण्याच्या अंतरावर होतं, आणि आमच्या नात्यातली एकही बाई त्या पायऱ्या चढली नाही. पायऱ्या चढायच्या आधी कुणाशी तरी मोकळेपणाने बोलावं लागतं, आणि बोलायला होते ते मामा.

म्हणून लोक जेव्हा विचारतात, तुमच्याकडे येऊन किती संसार टिकले, तेव्हा मला काय उत्तर द्यावं कळत नाही. काही टिकले. काही लोक नीट वेगळे झाले, आणि माझ्या हिशेबी त्यातलं काही काम टिकलेल्या संसारांपेक्षा चांगलं होतं. सासूबाईंना हे पटत नाही. "मग तुझ्याकडे यायचंच कशाला, वकिलाकडे जावं," असं त्या म्हणतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, त्यांच्याकडून फी घेत नाही आणि त्यांना सल्लाही देत नाही.

फीवरून आठवलं. सत्र संपल्यावर टेबलावरच्या क्यूआर कोडकडे कोण मोबाइल नेतं, हे मी अजूनही बघते. कर्ज विभागातली नजर जात नाही. काही घरी ठरलेलं असतं, एकदा त्याने, एकदा तिने. काही ठिकाणी तो भरतो आणि ती पर्सची चेन उघडून बंद करते. एका जोडप्यात नेहमी तीच भरायची, आणि तो प्रत्येक वेळी स्क्रीनकडे न बघता दाराकडे जायचा. पुढे कधीतरी मी ते बोलून दाखवलं. त्याची नोकरी गेली होती आणि तिने ती गोष्ट दोन्ही घरांपासून लपवली होती, त्याच्या इज्जतीसाठी. त्याला ते उपकारासारखं टोचत होतं. पैशाची भाषा मला बँकेने शिकवली, आणि कुठल्याही थेरपीच्या पुस्तकापेक्षा ती मला इथे जास्त उपयोगी पडते, असं माझं प्रामाणिक मत आहे. नात्यात कुणाचं चालतं हे विचारून कळत नाही. खातं कोण चालवतं, हे विचारलं की बरंच कळतं.

घरात माझ्या या कामाचा एकच तोटा झालाय. वाद सुरू झाला की नवरा म्हणतो, "आता तू थेरपिस्टसारखी बोलू नकोस." मी तशी बोलत नसते. तशी बोलता आली असती तर वाद सुरूच झाला नसता.

गेल्या हिवाळ्यात एक जोडपं शेवटच्या सत्राला आलं. आमच्याकडे ते आले होते राहायचं की निघायचं हे ठरवायला, आणि त्यांचं निघायचं ठरलं होतं. मुलगा शाळेच्या दिवसांत कुणाकडे, सुट्टीत कुणाकडे, आजोबांना कुणी सांगायचं, हे सगळं कागदावर लिहून झालं होतं. लिहिताना ती दोनदा रडली, तो एकदा. वकील एकच, दोघांना मान्य असलेला. मी विचारलं, आणखी काही राहिलंय का? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याने विचारलं, "मॅडम, तुम्ही बँकेत होता ना? आमचा लॉकर दोघांच्या नावावर आहे. तो बंद करायला दोघांनी जायला लागतं का?"

इतके महिने त्यांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नावर मी उलटा प्रश्न टाकला होता. याचं उत्तर मला येत होतं, आणि मी ते दिलं. दोघांनी एकत्रच जा, किल्ली आणि ओळखपत्रं घेऊन जा, थकलेलं भाडं असेल तर आधी भरा, आणि शनिवारी दुसरा-चौथा बघून जा, बँक बंद असते.

"हे बरंय," ती म्हणाली, "काहीतरी सरळ सांगितलंत एकदाचं."